कंट्रोलची नळी

दामोदरने काचेची चौकोनी नळी यंत्रातून बाहेर काढली, रुमालाने पुसली, खिडकीच्या उजेडाकडे धरून तिच्यावर बोटाचा ठसा राहिला नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा आत सरकवली. झाकण लावलं. काटा जरा थरथरला आणि उतरू लागला. भरली बैलगाडी घाट उतरते तसा. सावकाश, पण थांबायचं नाव नाही.

काटा उतरण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. काटा उतरला की आजचा पगार हलाल झाला, असं मानत त्याने या संस्थेत उमेदीची वर्षं काढली होती. तक्रार एवढीच, की तो भलत्या नळीत उतरत होता.

नळ्या दोन होत्या. एकीत त्याच्या थोरल्या भावाच्या, अप्पासाहेबांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाटून घातलेल्या. अप्पांना रक्ताचा कर्करोग होता. दुसरीत वसुमतीवहिनींच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या. वहिनींना काहीही झालेलं नव्हतं, म्हणून त्या कंट्रोल. कंट्रोलचं काम सोपं असतं. बाजूला गप्प बसायचं आणि दुसऱ्याचं काय बिनसलंय ते आपल्या गप्प बसण्याने दाखवून द्यायचं. लग्न झाल्यापासून वहिनींनी दुसरं फारसं काही केलं नव्हतं, त्यामुळे ही निवड दामोदरला अचूक वाटली होती.

आणि आज अप्पांच्या नळीत काटा ढिम्म हलत नव्हता. वहिनींच्या नळीत मात्र तो निघाला होता गावाला.

"नळ्या बदलल्यात तुम्ही," मागून प्रोफेसर श्रीकंठय्या म्हणाले. ते विभागप्रमुख होते आणि नेहमी मागूनच येत.

"नाही सर. रक्त मीच काढलं, चिठ्ठ्या मीच लावल्या."

"म्हणूनच म्हणतो. घरचं माणूस असलं की डोकं ठिकाणावर राहत नाही. थोरलीच्या लग्नात मी व्याह्यांच्या ऐवजी आचाऱ्याला हार घातला होता."

"मग?"

"मग काय? त्याने घालून घेतला. चूक झाली की समोरचा काही बोलत नाही, हाच तर आपल्या शास्त्रातला घोटाळा आहे."

ते हसले नाहीत. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग दामोदरकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नळ्या बदलल्या असं धरून चाला. म्हणजे सगळं जुळतं. इस्पितळात डॉक्टर देवाप्पांना तसं सांगून टाका."

सगळं जुळत होतं, हीच पंचाईत होती.

नळीत ज्याच्यामुळे काटा उतरतो, त्या एन्झाइमचं नाव फॉलिक रिडक्टेज. दामोदरशी त्याची गाठ पडली तेव्हा ते अगदी सभ्य, घरगुती एन्झाइम होतं. पालेभाजीतून आलेलं फॉलिक ॲसिड घ्यायचं, पेशीला वापरता येईल असं करून द्यायचं, आणि त्याबद्दल कुणी आपलं नाव घ्यावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. ते भरपूर सापडतं कोंबडीच्या कलेजीत. त्यामुळे निपाणीच्या देशस्थ घरातला दामोदर वर्षानुवर्षं बंगलोरच्या शिवाजीनगर बाजारातून कलेजी आणत होता. बर्फात घालून, पितळी डब्यातून, बसमध्ये मांडीवर धरून. शेजारी बसलेल्या बाया डब्यातून झिरपणाऱ्या लालसर पाण्याकडे बघून कौतुकाने विचारत, आज घरी पाहुणे वाटतं? घरी मात्र त्याची बायको प्रतिमा त्याला अंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसे. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण ते शाळेत.

मग बोटीने येणाऱ्या, येईपर्यंत शिळ्या झालेल्या परदेशी नियतकालिकांतून भलतीच बातमी आली. रक्ताच्या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट नावाचं जे औषध देतात, ते नेमकं याच एन्झाइमला जाऊन चिकटतं. फॉलिक ॲसिडचंच सोंग घेतलेलं ते विष. मोलकरणीचे हात बांधले की घर बसतं, तशी रोगट पेशी बसते. पण काही पेशी बसत नाहीत. एका मोलकरणीचे हात बांधले, तर त्या पन्नास मोलकरणी कामाला ठेवतात. पेशीत हे एन्झाइम वाढत जातं, इतकं की औषध पुरं पडेनासं होतं, आणि रोग पुन्हा उभा राहतो. ज्याला दामोदर इतकी वर्षं पोषणखात्यातला साधा कारकून समजत होता, तो आतून शत्रूला सामील होता.

"अभिनंदन," श्रीकंठय्या तेव्हा म्हणाले होते. "तुमच्या पोराचं नाव झालं. खुनी निघाला, पण नाव झालं."

त्याच वर्षी अप्पा वहिनींना घेऊन निपाणीहून दामोदरकडे राहायला आले. तंबाखूच्या वखारीवरची दिवाणजीची नोकरी संपून त्यांना थोडेच दिवस झाले होते. अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. बंगलोरच्या इस्पितळातल्या डॉक्टर देवाप्पांनी रक्त तपासलं आणि दामोदरला बाजूला घेतलं. अप्पांना सांगण्यात आलं, की रक्त कमी झालंय, शक्तीच्या गोळ्या घ्याव्या लागतील. कर्करोग हा शब्द रोग्यासमोर काढायचा नाही, अशी तेव्हा पद्धत होती. रोग्याला सोडून तो सगळ्यांना व्हायचा.

शक्तीच्या गोळ्या, म्हणजे मेथोट्रेक्सेट, छोट्या, पिवळ्या होत्या. त्या घेऊन अप्पांना वांत्या झाल्या, तोंड फुटलं, पण पांढऱ्या पेशींचा आकडा भराभर खाली आला. मग मध्यंतरी त्यांना ते औषध चांगलंच मानवलं. वांत्या थांबल्या, तोंड बरं झालं, सकाळी मल्लेश्वरमच्या बाजारापर्यंत चक्कर मारून येऊ लागले. दामोदरने पेढे आणले. आणि आता, औषध इतकं छान मानवलेलं असताना, आकडा पुन्हा वर चढत होता.

"दोनच गोष्टी असू शकतात," देवाप्पा म्हणाले होते. ते धारवाडकडचे, मराठी समजायचं त्यांना. बोलताना मधेमधे कानडी यायचं. "एक तर तुझ्या त्या एन्झाइमनं डोकं वर काढलंय. मग हे औषध म्हणजे नुसतं विष, बंद करू. दुसरं काही माझ्याकडे नाही. किंवा मात्रा स्वल्प कमी पडते आहे. मग वाढवू. कुठलं खरं ते तू सांग. गावात रिडक्टेजवाला तू एकटाच."

म्हणजे काटा जे म्हणेल ते होणार होतं. आणि श्रीकंठय्यांच्या हिशेबाने नळ्या बदलल्या असतील, तर अप्पांच्या पेशींत एन्झाइम माजलेलं होतं, औषध बंद. नियतकालिकात होतं अगदी तसंच. दामोदर आयुष्यात प्रथमच जगाच्या बरोबरीने चालला होता, तेवढी नळ्यांची चिठ्ठी बदलली की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा रक्त काढलं. आधी वहिनींचं.

"कालच घेतलंत ना, भावोजी?"

"बिघडलं ते. तुमचं पुन्हा लागेल."

"घ्या की. माझं काय, पडूनच आहे," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरून हात पुढे केला. हात फारच बारीक झाला होता. बांगडी कोपरापर्यंत सरकली. बोलताना त्या ओठ पुरते उघडत नव्हत्या.

"तोंड आलंय का?"

"उष्णता. बंगलोरचं पाणी." वहिनींनी पदर ओठांवर घेतला. "प्रतिमानं सब्जा दिलाय भिजवून."

बंगलोरच्या पाण्याला आजवर कुणी उष्ण म्हटलं नव्हतं, पण दामोदरचं लक्ष सुईकडे होतं. लोकांचं अंतरंग कळायला तो त्यांना बर्फात ठेवून वाटायचा. तसंच समोर बसलेल्या माणसाकडे पाहायची त्याला सवय नव्हती.

काट्याने मात्र सवय मोडली नाही. अप्पांच्या नळीत ढिम्म. वहिनींच्या नळीत सरळ उतार.

यावेळी दामोदर यंत्रासमोरून उठला नाही. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींत हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. ते दिसायला लागतं ते औषध पोटात गेल्यावर. रोगी असो की निरोगी, हेही कुणीतरी छापलं होतं. म्हणजे वहिनींच्या पोटात औषध जात होतं. आणि अप्पांच्या पोटात जात नव्हतं. त्यांना ते इतकं छान का मानवलं, तेही कळलं. जे पोटात जात नाही ते सगळ्यांनाच मानवतं.

मग त्याला वहिनींचं तोंड आठवलं, आणि त्याने हातातली नळी तशीच, न धुता, बर्फात ठेवून दिली.

दुपारच्या जेवणाला तो घरी गेला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डबा खायचा, डब्याचं झाकण वाटीसारखं वापरून ताक प्यायचं, हा त्याचा नेम. प्रतिमा शाळेत होती. दार उघडंच होतं. त्याने चपला काढल्या, पण हाक मारली नाही.

अप्पा नुकतेच पानावरून उठले होते. मोरीवर हात धुऊन ते माजघराच्या उंबऱ्याशी टाकलेल्या वेताच्या खुर्चीत बसले, स्वयंपाकघराकडे तोंड करून, आणि अडकित्त्याने सुपारी कातरू लागले. ताट पाटासमोर तसंच होतं. भात, आमटी, भाजी संपलेली. शिऱ्याची वाटी मात्र जवळजवळ भरलेली, वरून दोन घासांचा खड्डा तेवढा. वहिनी आल्या. आपली आमटी-पोळी त्याच ताटात वाढून घेतली आणि त्या अप्पांच्या ताटावर बसल्या.

त्यात नवल काही नव्हतं. नवऱ्याच्या ताटात बायकोने जेवायचं, हे या घरात प्रतिमा येईपर्यंत कुणी नियम म्हणूनसुद्धा बोललं नव्हतं. श्वास घ्यायचा नियम कोण करतो? दामोदरला लहानपणचं आठवत होतं. निपाणीच्या घरी बारा माणसांची पंगत उठायची, मागाहून बायका बसायच्या, आणि तोवर गोडाच्या पातेल्याला नुसता वास उरलेला असायचा. नव्या नवरीला कुणी विचारत नसे. चारचौघांत बायकोशी बोलायचीही चोरी. म्हणून अप्पा आपल्या ताटातलं गोड टाकायचे. श्रीखंड, जिलबी, सणासुदीची पोळी. आजी ओरडायची, "अन्न टाकायलास होय रे, मस्ती आली काय?" अप्पा मान खाली घालून उठायचे. पोरांना वाटायचं, अप्पाला गोड आवडत नाही. त्यांना गोड किती आवडतं ते दामोदरला फार पुढे कळलं.

वहिनींनी आधी शिरा संपवला. चव घेत घेत नव्हे. भराभर, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेत. तोंडातल्या जखमांना लागत असणार. डोळे घट्ट मिटत होते. अप्पा सुपारी कातरायची थांबवून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते दामोदरने गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. माणूस पोटभर जेवल्यावर दिसतो तसे ते दिसत होते.

शिऱ्याला पिवळसर झाक होती. या घरात केशर नव्हतं.

"दामू?" अप्पांना तो आता दिसला. "एवढ्या लवकर? नोकरी गेली काय रे?"

"नाही अप्पा. काम होतं जरा. वहिनी, जेवण झालं की मागे या. रक्ताचं विचारायचंय."

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी वहिनी उभ्या राहिल्या. दामोदरला सुरुवात कुठून करावी कळेना. वहिनींनीच केली.

"कळलं तुम्हाला."

"शिऱ्यात घालता तुम्ही?"

"कुटून. गोळी बघितली की त्यांना ओकारी यायची. नाहीच घेत म्हणाले. मग काय करणार? गोडात कडू लपतं."

"आणि ते टाकतात."

"दोन घास खातात की." वहिनी घाईने म्हणाल्या. "तेवढं जात असेल पोटात. नाही का?"

"वहिनी, ते विष आहे."

"ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंत, कुटुंबातल्या कुणाच्या हाताला लागू देऊ नका म्हणून."

"मग मोरीत टाकायचं!"

वहिनींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यानेच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"ते समोर बसतात, भावोजी."

दामोदरला वेताची खुर्ची आठवली, स्वयंपाकघराकडे तोंड केलेली.

"माझ्यासाठी ठेवलेलं असतं ते. मी खाल्लं की त्यांना बरं वाटतं. आता दुसरं कशानं बरं वाटतंय त्यांना?" त्यांनी पदराने ओठ टिपले. "आणि हे तुम्हाला येऊन कसं सांगायचं? नवरा ताटात माझ्यासाठी गोड ठेवतो म्हणून? या वयात?"

दगडावर कुणाचा तरी धुतलेला पंचा पिळून ठेवला होता. दामोदरने तो उचलला, झटकला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"आता सांगावं लागेल त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगाल? एवढे दिवस बायकोला विष भरवलंत म्हणून?" वहिनींचा आवाज चढला नाही. "मग ते कसले जेवताहेत. औषधाचं सोडा, पाणी पिणार नाहीत."

आत जाताना दामोदरने मनाशी वाक्य जुळवलं होतं. ते अर्ध्या वाटेतच वाया गेलं, कारण अप्पांनी त्याला हाताने खूण करून खुर्चीशेजारी बसवलं आणि दाराकडे बघत आवाज खाली घेतला.

"चिडू नको, दामू. तिला पण बोलू नको."

"कशाबद्दल?"

"तुझ्या औषधाबद्दल. शिऱ्यात घालतीय ते. मला पहिल्याच दिवशी कळलं. अरे, जन्म गेला माझा तंबाखूत कुणी काय मिसळलंय ते हुडकण्यात, आणि मला शिऱ्यातलं कळंना?" ते हसले. "भारी दिसतंय औषध. इंग्लंडचं काय?"

"अमेरिकेचं."

"तेच ते. तर मी काय म्हणतो, मला आता शक्ती करायचीय काय? मी कुठं कुस्तीला जाणाराय? मला काय झालंय ते मला कळतंय रे. तुम्ही सगळे रक्त कमी, रक्त कमी करायलाय, पण आमच्या वखारीतला रघुजी असाच गेला, डाग पडून. मी जाणार. ती राहणार. तिचा हात बघितलास? काडी झालीय काडी. म्हणून म्हटलं, शक्तीचं औषध आहे, तिला तरी लागू दे."

अंगणात वहिनी बादलीत पाणी ओतत होत्या. तो आवाज संपेपर्यंत दामोदर थांबला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती असं नाही. पण आजवरचं सगळं एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य घरभर हिंडून, दोन माणसांच्या पोटातून जाऊन आता परत त्याच्याकडे आलं होतं.

"अप्पा," तो म्हणाला, "ते पुरुषांचं आहे."

"काय?"

"ते औषध. पुरुषांच्या शक्तीचं. बायकांना उलटं लागतं. म्हणून तर वहिनींचं तोंड आलंय."

अप्पांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. मग त्यांनी सुपारीचं खांड डब्यात परत टाकलं.

"मला काय ठाऊक," ते पुटपुटले. "मला वाटलं, औषध ते औषध." आणि थोड्या वेळाने, "फार उलटं लागलंय काय रे?"

"नाही. थांबवलं की भरून येईल."

"मग बायकांचं आण की."

"आणतो."

"तिला वेगळं दे. मी माझं खातो. पण तिनं घेतलेलं मला दिसलं पाहिजे. नाही तर हिचं काही खरं नाही, टाकून देईल."

बायकांचं औषध दामोदरने त्याच संध्याकाळी आणलं. फॉलिक ॲसिड. तेही छोटं, पिवळंच. मेथोट्रेक्सेट आणि ते समोरासमोर ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत. कलेजी वाटण्यात घालवलेल्या इतक्या वर्षांत ज्या जीवनसत्त्वावर त्याने नऊ निबंध लिहिले, ते त्याने स्वतःच्या घरी आणायची ही पहिलीच वेळ. त्याने देवाप्पांना सगळं सांगितलं. देवाप्पांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि एवढंच म्हणाले, "सरी, ठीक. म्हणजे मात्रा कमी नव्हती. पत्ता चुकला होता."

वसुमतीवहिनी लग्नानंतर प्रथमच वेगळ्या ताटात जेवू लागल्या. दुपारी दोघं एकाच वेळी बसत, हेही नवीनच. अप्पा म्हणत, "हं, तू आधी." वहिनी गोळी तोंडात टाकून, पाणी पिऊन, तोंड उघडून दाखवत. मग अप्पा शिऱ्याची वाटी चाटूनपुसून संपवत. वांत्या सुरू झाल्या. तोंड फुटलं. ओठांना तूप लावून ते जेवत, आणि दामोदरला विचारत, "हिचं भरून आलं ना? मग झालं." पांढऱ्या पेशींचा आकडा उतरला. वहिनींच्या नळीतला काटा दर खेपेला जरा जरा मंदावत गेला आणि मग थांबला. कंट्रोल पुन्हा गप्प बसू लागला.

थंडीचे दिवस निघाले. अप्पांनी गांधीबाजारातून वहिनींसाठी इरकली लुगडं आणलं, स्वतः जाऊन, रिक्षाने. निपाणीला परत जायच्या गोष्टी निघू लागल्या. मग एका आठवड्यात हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं.

दामोदरने रक्त काढलं. बर्फात ठेवलं. पेशी वाटल्या. झाकण लावलं. वहिनींच्या नळीत काटा जागचा हलला नाही. अप्पांच्या नळीत तो उतरू लागला. आणि यावेळी घाटबिट काही नाही, दगड सुटावा तसा.

श्रीकंठय्या मागे उभे होते. त्यांनी खिशातून पेन काढून दामोदरने आखलेल्या आलेखावर हवेतच एक रेघ ओढली.

"सुंदर," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःलाच कसंसं झालं. "म्हणजे, शास्त्राच्या दृष्टीने."

"हो सर."

"असा स्वच्छ कंट्रोल मी कुठे पाहिला नाही. एकाच घरातला, एकाच अन्नावरचा. छापून टाका. सुरुवातीला कंट्रोलने जे वेड्यासारखं केलं होतं, ते तेवढं वगळा. लोकांना उगीच शंका येतात."

"वगळतो."

"भाऊ कसे आहेत?"

दामोदरने आलेखाकडे बोट केलं. श्रीकंठय्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते मागूनच आले होते, त्यामुळे त्यांना ते सोपं गेलं.

देवाप्पांना फार वेळ लागला नाही. त्यांनी आलेख पाहिला, घडी घालून परत दिला. "आता हे देणं म्हणजे त्याला उगीच ओकायला लावणं," ते म्हणाले. "बंद कर. खाऊ दे काय खायचंय ते." मग टेबलाच्या खणाकडे त्यांचा हात सवयीने गेला, तिथे गोळ्यांची पुडी ठेवलेली असायची, आणि त्यांनी तो खण तसाच ढकलून दिला.

दामोदर इस्पितळातून चालत घरी आला. दुपार होती. प्रतिमा शाळेत. घरात तुपात भाजलेल्या रव्याचा वास होता. कालच्या गोळीनंतर पुडी रिकामी झाली होती, आणि नवी आज यायची होती.

अप्पा पानावरून उठत होते. एका हाताने भिंत धरून, दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर. "आज नको झालंय ग," ते म्हणाले. "तोंडातून आत जाईना. राहिलाय चांगला वाटीभर. झालाय पण झकास." वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं, पायावर पांघरूण टाकलं आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. फळीवरून त्यांनी आपलं ताट काढलं.

मग त्यांना दामोदर दिसला. त्या त्याच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत राहिल्या. हात मोकळे होते. त्यांनी त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खिसाही सपाट होता.

उंबऱ्याशी अप्पांनी सुपारी कातरायला घेतली होती. अडकित्ता आता त्यांच्याच्याने मिटत नव्हता. दोन्ही हातांनी दाबत होते.

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या ताटातल्या वाटीकडे.

"आता चालेल ना, भावोजी?" त्यांनी हळू विचारलं.

दामोदरने वाटीकडे पाहिलं; आज शिरा पांढराच होता.

"चालेल," तो म्हणाला.

वहिनींनी आपलं ताट पुन्हा फळीवर ठेवलं, आणि त्या अप्पांच्या ताटावर बसल्या.